पुढची सीट

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवून ‘दोन आहेत’ असं सांगितलं आणि घाडग्यांच्या दारातली गाडी त्याच दिवशी लहान झाली.

तशी ती गाडी गुणाची. अकरा वर्षं तिनं कुरकुर न करता घर ओढलं. अविराजच्या लग्नात नवरी आणली, डाळिंबाचे क्रेट इंदापूरला पोचवले, आणि तात्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर ती अंथुर्णे ते बारामती या रस्त्यावरच राहायला होती म्हटलं तरी चालेल. पण घरात माणसं पाच, त्यात आणखी दोन एकदमच येणार, म्हटल्यावर ती बिचारी काय करणार? माघ उजाडायच्या आत मोठी गाडी दारात पाहिजे, एवढ्यावर घरात एकमत होतं. पुढं कशावरच नव्हतं.

म्हणून रविवारी वालचंदनगरहून अविराजला बोलावणं गेलं. थोरल्या सुनेचा, प्रगतीचा, हा धाकटा दीर तिथल्या कंपनीत कामाला होता, आणि लोखंडाशी रोजचा संबंध म्हणून घरातल्या शिवणयंत्रापासून ऊसतोडीच्या मशीनपर्यंत सगळ्यावर त्याचं मत घ्यायची घाडग्यांची रीत होती. तोही हातचं न राखता द्यायचा.

“दादा, गॅसवरची घे,” तो आल्या आल्या म्हणाला. “डिझेलचं काय खरं नाही आता.”

“आणि सिलेंडर कुठं असतो? डिकीत,” प्रगतीचा नवरा रणजित म्हणाला. “मग पोरांची दुपटी, बाटल्या, ह्यांच्या तीन पिशव्या काय टपावर बांधायच्या?”

“ह्यांच्या म्हणजे कुणाच्या?” प्रगतीनं खुर्चीतून विचारलं. सातवा महिना होता, पण दोघांमुळं नववा वाटत होता. बसलं की उठवत नव्हतं आणि उठलं की बसवत नव्हतं. “एक पिशवी तुमच्या चार्जरांचीच असते.”

अविराज हसला आणि लगेच वहिनीच्या बाजूला गेला. त्यांच्यात हे असंच चालायचं. रणजितला उंच, रुबाबदार, छताला खिडकी असलेली गाडी हवी होती. अविराजला स्वस्तात चालणारी. दोघांच्या वडिलांचं, तात्यांचं, म्हणणं तिसरंच, पिकअप घ्या, मागं डाळिंब जातील, पुढं माणसं बसतील.

“आणि बाळंतीण?” रणजितनं विचारलं.

“बाळंतीण पुढं.”

“मग तुम्ही?”

यावर तात्या काठीची मूठ पुसू लागले. कारण घाडग्यांच्या कुठल्याही गाडीत पुढची सीट तात्यांची होती. ते असले तर ते बसत, नसले तर तिथं त्यांची पिशवी बसे. जुन्या जीपपासून हे चालत आलेलं. गुडघा दुखायच्या आधीपासूनच ते पुढं बसत होते, गुडघ्यानं फक्त त्याला कारण दिलं.

बनाबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. त्यांनी सगळ्यांना कप दिले आणि जाता जाता, उगीच विचारावं तसं विचारलं, “काचा हातानं खाली होत्यात का रं त्या गाडीच्या?”

“आई, एसी असतो आता,” अविराज म्हणाला. “काचा उघडायच्याच नसतात.”

“अस्सं,” बनाबाई म्हणाल्या, आणि रिकामा ट्रे पोटाशी धरून तिथंच उभ्या राहिल्या. त्या प्रश्नाला सगळे हसले होते. प्रगतीही हसली होती.

शेवटी तोडगा तात्यांनीच काढला. “तोंडानं काय मोजताय? थांबा,” म्हणत ते काठी टेकत गोठ्याकडं गेले आणि चुन्याच्या फक्कीचं घमेलं घेऊन आले. मांडव असो नाहीतर घराचा पाया, आखणी करायची ती फक्की टाकूनच, कागदावरच्या नकाशावर त्यांचा कधीच विश्वास बसला नव्हता. अविराजनं मोबाईलमध्ये बघून लांबी-रुंदी सांगायची, रणजितनं टेप धरायची आणि तात्यांनी मुठीतून पांढरी रेघ सोडायची, असं करत अर्ध्या तासात अंगणात एक गाडी उमटली. मग तिच्यात दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या पुढं आल्या, मधे बाकडं आलं, आणि मागं डाळिंबाचे दोन क्रेट पालथे पडले.

“बसा,” तात्या म्हणाले, आणि स्वतः डावीकडच्या पुढच्या खुर्चीत जाऊन बसले.

रणजित ड्रायव्हर झाला. प्रगती बाकड्यावर टेकली. सहा वर्षांच्या संस्कृतीनं तिच्या शेजारी दोन उशा आणून ठेवल्या, एक उशी म्हणजे एक बाळ, आणि ‘रडू नका रे’ म्हणून त्यांना थोपटू लागली. अविराज पाहुणा म्हणून क्रेटवर गेला. त्याचे गुडघे हनुवटीला लागले आणि गॅसच्या गाडीचा विषय त्यानं स्वतःहून सोडला.

बनाबाई रेघेच्या बाहेर उभ्या होत्या. तिथूनच वाकून त्या कप गोळा करत होत्या.

“आज्जी, खिडकीतनं काय हात घालतीस? दारातनं ये की!” संस्कृती ओरडली.

“बसा आत्या,” प्रगती सरकत म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणायची. “बाकड्यावर जागा आहे. नाहीतर मागं अविभावजींच्या शेजारी.”

“मला कशाला गं जागा? तुमी बसा. हिरीवरच्या मोटरीची लाईट यायची येळ झाली.”

“आई, मोटर मोबाईलवर चालू होते आता,” रणजित म्हणाला. “दोन वर्षं झाली स्टार्टर बसवून.”

“व्हय, पर कुणीतरी घरी पाहिजेच की.”

हे वाक्य प्रगतीनं सात वर्षांत किती वेळा ऐकलं होतं! लग्नकार्याला, जेजुरीला, कन्हेरीला तिच्या माहेरी जाताना, दर वेळी गाडी निघायची आणि बनाबाई दारात उभ्या राहायच्या. म्हैस होती तेव्हा कधी म्हशीचं, कधी मोटरीचं कारण असायचं. बैलपोळ्याच्या आधी म्हैस विकली, तेव्हापासून फक्त मोटर. बाकी वेळी तिला त्याचं काही वाटलं नसतं. पण एक वेळ तिच्या मनात रुतून बसली होती.

संस्कृती झाली तेव्हा प्रगतीची आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. सिझेरियन झालं. पाच दिवस ती बारामतीच्या दवाखान्यात होती आणि दार उघडलं की तिची नजर तिकडं जायची. अविराज तात्यांना आणि बनाबाईंना घेऊन निघाला होता. तात्या पोचले. ‘ती जंक्शनच्या फाट्यालाच उतरली, मोटर चालू राहिली म्हणाली,’ एवढं त्यांनी सांगितलं आणि नातीच्या पाळण्याशी गेले. अर्ध्या वाटेतून, एका मोटरीसाठी! पुढं डब्यातून अळिवाचे लाडू येत राहिले, लाडू करणारं माणूस काही आलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं हळूच विचारलं होतं, ‘मुलगी झाली म्हणून का?’ प्रगतीनं ‘छे, छे’ म्हटलं. पण तो प्रश्न तिच्याबरोबर घरी आला. बनाबाई त्या मुलीला तळहातावर वाढवत होत्या, हे रोज डोळ्यांनी दिसत असूनही तो गेला नाही.

आणि आता पुन्हा तोच दवाखाना, पुन्हा तेच ऑपरेशन, आणि या वेळी दोन जीव. एकटीनं त्या खोलीत पडून राहायची तिला भीती वाटत होती. ती कुणाला सांगितली नव्हती एवढंच.

“संस्कृतीच्या वेळीपण मोटरच आडवी आली होती, आत्या,” ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण फक्कीच्या गाडीत सगळ्यांना ऐकू गेला. रणजितनं नसलेलं स्टेअरिंग धरून ठेवलं. बनाबाईंनी हातातले कप एकात एक घातले.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “मोटरच हुती.” आणि त्या आत गेल्या.

त्या दिवशी गाडीचं काही ठरलं नाही. पांढऱ्या रेघा मात्र अंगणात तशाच राहिल्या. झाडताना बनाबाईंनी त्या पुसल्या नाहीत, कडेकडेनं झाडलं.

मंगळवारी बारामतीच्या शोरूमचा माणूस चाचणीसाठी सात सीटांची गाडी घेऊन दारात आला. शर्ट इस्त्रीचा, जिभेला विश्रांती नाही. त्यानं छताची खिडकी उघडून दाखवली, बंद करून दाखवली, परत उघडली. रणजित हरखून बघत होता. तात्यांनी मात्र दार उघडून आधी खाली बघितलं, पाय केवढा उचलावा लागतो ते.

प्रगती संस्कृतीचा हात धरून निघाली आणि उंबऱ्याशी थबकली. बनाबाई बाहेर जायचं जांभळं लुगडं नेसून, केस चापून बसवून उभ्या होत्या. त्यांना कुणी चला म्हटलं नव्हतं.

“मीबी येते,” त्या म्हणाल्या. कुणाकडं न बघता त्या गाडीत चढल्या आणि मधल्या ओळीत मधोमध बसल्या. एक हात पदराखाली होता, तो त्यांनी बाहेर काढलाच नाही.

शोरूमचा माणूस मागच्या ओळीत गेला. “मागची सीटसुद्धा अगदी प्रशस्त आहे,” तो गुडघे छातीशी घेऊन म्हणाला. काचा वर गेल्या, एसीचा गार वारा सुटला, नव्या रेक्झिनचा वास गाडीभर पसरला. रणजितनं गाडी बारामतीच्या रस्त्याला लावली. कारखान्याचे हंगामाचे दिवस होते. उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी हळू व्हायची, संधी मिळाली की झपकन पुढं जायची, परत हळू.

“पिकअप वगैरे काही नाही हो तात्या, हीच बरी,” रणजित म्हणाला.

“सीट चांगली हाय,” तात्यांनी पाय लांब करत कबूल केलं.

प्रगतीच्या दंडाला बनाबाईंचा दंड लागून होता. तो ओला होता. गाडीत एवढा गारठा आणि ह्यांना घाम? तिनं बाजूला बघितलं. बनाबाईंनी डोळे गच्च मिटले होते, ओठ पांढरे पडले होते, आणि पदराखालचा हात नाकाशी आला होता. मुठीत लिंबू होतं. नखं रुतून त्याची साल सोलवटली होती.

“अहो, गाडी थांबवा!” प्रगती ओरडली. “आधी थांबवा!”

रणजितनं गाडी कडेला घेतली ती जंक्शनच्या अलीकडं, उसाच्या रसाच्या गुऱ्हाळापाशी. बनाबाई कशाबशा उतरल्या, चार पावलं गेल्या आणि बाभळीचा आधार घेऊन ओकू लागल्या. प्रगती पोट सावरत मागोमाग गेली. तिला वाकता येत नव्हतं, तरी तिनं एका हातानं सासूचं कपाळ धरलं आणि दुसऱ्यानं पाठ चोळली. तिच्या आईनं लहानपणी तिचं धरलं होतं तसंच.

“नको गं, लांब हो. तुझं पोट सांभाळ,” बनाबाई जिवात जीव आल्यावर म्हणाल्या.

“काय खाल्लं होतं सकाळी?”

“कायबी न्हाय. उपाशीच आले, मुद्दाम.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग गुऱ्हाळाकडं बघत म्हणाल्या, “त्या दिवशीबी हितंच उतरले हुते.”

प्रगतीला आधी कळलंच नाही.

“संस्कृती झाली तवा. अंथुर्ण्यापासनं जीव धरून बसले हुते. हितं आल्यावर राहवंना. मोटर चालू ऱ्हायली म्हनलं आन उतरले. गाडी पुढं गेली, मग त्या गुऱ्हाळामागं जाऊन ओकले. दुसऱ्या दिवशी एसटीनं निघाले. बेलवाडीपतुर आले बघ. लुगडं घाण झालं. तसल्या वासानं बाळंतिणीजवळ यायचं? परत फिरले.”

“आत्या! अहो, सांगायचं तरी!”

“काय सांगू? माझ्या लग्नात वऱ्हाडाच्या जीपमधी सासूच्या मांडीवर ओकले हुते. ‘हिला परत गाडीत घालू नका,’ म्हनल्या त्या, समद्यांफुडं. लई हसले लोक. तवापासनं म्या कुणाला सांगितलंच न्हाय. ट्रॉलीत लागत न्हाय, फटफटीवर लागत न्हाय. वारं लागलं की बरं वाटतं.” त्या थांबल्या. “एकदा डेपोच्या गाडीत डायव्हरच्या शेजारी जागा मिळाली हुती, तवाबी न्हाय लागलं. फुडं बसलं, काच उघडी असली की मी हितनं काशीलाबी जाईन. पर फुडं ह्यांची जागा.”

प्रगतीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सहा वर्षं तिनं या बाईला मनातल्या मनात कोर्टात उभं केलं होतं, आणि ही तेव्हा दोनदा अर्ध्या वाटेपर्यंत आली होती. आजही आली होती, रविवारच्या एका वाक्यासाठी, उपाशीपोटी, मुठीत लिंबू घेऊन.

“मला वाटलं होतं, मुलगी झाली म्हणून...” ती बोलून गेली.

बनाबाईंनी तिच्याकडं बघितलं. रागावल्या नाहीत. “येडी का काय तू?” एवढंच म्हणाल्या आणि लिंबाच्या वासाच्या हातानं तिचे डोळे पुसले. ते चांगलेच झोंबले, त्यामुळं प्रगती रडता रडता हसू लागली.

गाडीची पुढची काच खाली झाली होती. तात्यांनी ती कधी खाली केली, कुणी पाहिलं नाही, पण ऐकायचं ते सगळं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी दार उघडलं, काठी आधी टेकवली, मग दुखरा पाय, मग दुसरा, आणि बायकोसमोर येऊन उभे राहिले.

“मला वाटलं, ती खोड कवाच मोडली,” ते म्हणाले. “एवढी वर्सं एका शब्दानं बोलली न्हाईस.”

“तुमी फुडं बसलेले. मागं वळून कवा बघितलंत?” बनाबाई म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळंच ते तात्यांना जास्त लागलं असावं. ते काठीच्या टोकानं माती उकरत राहिले.

मग ते वळले आणि मधल्या ओळीचं दार उघडून आत चढू लागले. गुडघा वळेना. रणजित धावला, त्याचा हात त्यांनी झिडकारला, दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा बसले. कपाळावर घाम आला होता.

“तात्या, तुमचा पाय...” रणजित म्हणाला.

“मागं पाय ताणाय जास्त जागा हाय,” तात्यांनी ठणकावलं. ते साफ खोटं होतं, त्यांचा पाय पुढच्या सीटला टेकला होता. “आन ए साहेब,” ते मागं वळून शोरूमच्या माणसाला म्हणाले, “पुढची काच उघडी ठेवून गाडी चालवली तर कंपनीचं काय नुकसान हाय का?”

“नाही नाही, काहीच नाही...”

“मग बस.”

प्रगती आणि संस्कृती तात्यांच्या शेजारी बसल्या. बनाबाई पुढच्या दाराशी घुटमळल्या. सीटवरून त्यांनी पदरानं धूळ झटकली, नव्या गाडीत धूळ नव्हती तरी. मग बसल्या. रणजितनं वाकून त्यांचा पट्टा लावला आणि सगळ्या काचा खाली केल्या. वारं भरभरून आत आलं, उसाचा आणि मळीचा वास घेऊन.

“घरी वळवू ना, आई?”

बनाबाई समोरच्या रस्त्याकडं बघत होत्या. रंग परत येत होता चेहऱ्यावर. “फुडनं रस्ता दिसतोय की सगळा,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, “दवाखाना लांब हाय का रं हितनं?”

“साहेब, चाचणीचे किलोमीटर ठरलेले असतात...” मागच्या ओळीतून आवाज आला.

“गाडी घ्यायची ठरलीय,” तात्या म्हणाले. “फक्त ती छताची खिडकी नको. बाजूच्या उघडत्यात तेवढ्या बास. तेवढे पैसे पोरांच्या सीटांना घाला.”

रणजितनं आरशातून वडिलांकडं बघितलं, छताकडं एकदा बघितलं, आणि मान हलवली. गाडी बारामतीकडं निघाली. भवानीनगर मागं पडलं तेव्हा बनाबाईंनी मुठीतलं लिंबू समोरच्या खणात ठेवून दिलं. तात्या सबंध रस्ताभर पुढं वाकून बायकोच्या खांद्यावरून बघत होते. दर दोन मैलांनी विचारायचे, “कसं वाटतंय?” आणि ती म्हणायची, “गप बसा, वारं खाऊ द्या.”

दवाखान्याच्या फाटकासमोर गाडी थांबली. सगळ्यांच्या आधी बनाबाई उतरल्या. त्यांनी लुगडं नीट केलं आणि वर बघितलं.

“कुठली गं खोली?”

“ती. दुसऱ्या मजल्यावर, डावीकडनं तिसरी खिडकी,” प्रगतीनं दाखवलं. तिथून पाच दिवस ती दाराकडं बघत होती हे तिनं सांगितलं नाही. आता सांगायची गरज उरली नव्हती.

बनाबाई बराच वेळ त्या खिडकीकडं बघत राहिल्या. मग त्यांनी संस्कृतीला जवळ घेतलं आणि तिचं बोट धरून वर केलं.

“तितं तू झालीस बघ. हितवर यायला मला सहा वर्सं लागली.”

“एवढं लांब आहे का गं, आज्जी?”

“न्हाय गं बाय,” बनाबाई म्हणाल्या. “जवळच हाय.”